जुनी मोटार आणि थकलेल्या स्प्रिंगा

जुना बैल घेताना काय करतात, ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. दात पाहतात, खूर पाहतात, मग चार पावले चालवून पाहतात. शिंगे रंगवली आहेत का, गळ्यात घुंगरू आहेत का, याला जाणता शेतकरी फारशी किंमत देत नाही. पण हाच जाणता माणूस जुनी मोटार घ्यायला शहरात आला, म्हणजे शिंगांच्या रंगावर भुलतो. असे का व्हावे? कारण मोटारीचे दात कोठे पाहायचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. माझ्या मते ते पाहण्याची एक चांगली जागा म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा. त्यांच्याबद्दलच आज तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझा मेहुणा माण तालुक्यात दहिवडीकडे प्राथमिक शिक्षक आहे. त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावे लागते. एस.टी.चा प्रवास त्यांना झेपेना आणि भाड्याची जीप परवडेना. तेव्हा त्याने शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले आणि तो आमच्याकडे घाटकोपरला आला. म्हणाला, "दाजी, डिझेलची सेडान बघायची. आबांना मागं नीट रेलून बसता आलं पाहिजे आणि खर्चही आवाक्यात राहिला पाहिजे." पैसे मोजके होते. चूक करायला जागा नव्हती.

आता कोणी विचारील, जुनीच का? तर १ एप्रिल २०२० पासून देशात धुराचे नवे कडक नियम, म्हणजे भारत स्टेज सहा, लागू झाले. लहान डिझेल इंजिन त्या नियमांत बसवणे महाग पडू लागले, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी लहान सेडानमधले डिझेल इंजिन एकेक करून बंद केले. म्हणून मध्यम ऐपतीच्या माणसाला अशी गाडी हवी असेल, तर ती वापरलेलीच घ्यावी लागते. दुसरीकडे शहरातला मालक ती काढून टाकायला बघतो. दिल्लीत २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली होती. मुंबईतही उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे तपासायला सांगितले, आणि सरकारने त्यासाठी समिती नेमली. एवढे कानावर आले की मालकाचा धीर सुटतो, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जुन्या गाड्यांच्या दुकानांत अशा सेडान रांगेने उभ्या दिसतात.

सेडान आणि ही उपनगरे यांचे नाते तसे जुने आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. तिथेच फियाट ११०० तयार होऊ लागली आणि पुढे तिचीच 'प्रीमिअर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सबंध देशाच्या ओळखीची. नव्वदीच्या दशकात तिचा डिझेलवर चालणारा '१३७ डी' हा प्रकारही निघाला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती टॅक्सी रस्त्यावरून गेली.

या पद्मिनीची एक गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. तिच्या पुढच्या चाकांवर नागमोडी गुंडाळलेल्या, म्हणजे कॉइल स्प्रिंगा असत, आणि मागे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. हे पाटे तुम्ही टांग्याला पाहिले असतील. आजही मालाच्या ट्रकला दिसतात. पाटा थकला की पोटात सपाट होतो आणि डोळ्यांना दिसतो. आजच्या बहुतेक सेडानना चारही चाकांवर कॉइल स्प्रिंगाच असतात. त्या चाकाआड लपलेल्या, त्यामुळे त्या थकल्या तरी सहजी कळत नाही. विक्रेत्याचे फावते ते इथेच.

तीन दिवस आम्ही दुकाने पालथी घातली. तिसऱ्या दिवशी एक २०१४ सालची गाडी मेहुण्याच्या मनात भरली. रंग आरशासारखा, आतल्या गाद्यांवर नवी आवरणे, आणि मीटरवर आकडा अवघा बासष्ट हजार किलोमीटर. विक्रेता म्हणाला, "सर, डॉक्टरांची गाडी आहे. फक्त रविवारी बाहेर निघायची." मेहुण्याने माझ्याकडे पाहिले. मी पिशवीतून शिंप्याचा टेप काढला, तसा विक्रेता हसला.

टेप कशाला, ते सांगतो. गाडी सपाट जागी उभी करावी. आत कोणी बसू नये, डिकी रिकामी असावी, चारही चाकांत हवा सारखी असावी. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, पत्र्याच्या कमानीच्या कडेपर्यंत अंतर मोजावे. चारही चाकांचे चार आकडे कागदावर लिहावेत. पुढच्या दोन आकड्यांत किंवा मागच्या दोन आकड्यांत चारपाच मिलिमीटरचा फरक असला, तर हरकत नाही. त्याहून बराच जास्त निघाला, तर त्या बाजूची स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे, अशी शंका घ्यावी. आमच्या त्या गाडीची पुढची उजवी बाजू डावीपेक्षा पंधरा मिलिमीटर खाली होती. उजवीकडे चालक बसतो. शहरात गाडी बहुधा एकट्या चालकालाच घेऊन फिरते, म्हणून तो कोपरा आधी बसतो. पण फक्त रविवारी निघणाऱ्या गाडीचा कोपरा इतका बसावा, हे मनाला पटेना.

मागची बाजू मात्र नव्या गाडीसारखी उंच होती. मी खाली वाकून मोबाईलच्या उजेडात पाहिले, तर स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये रबराचे जाड गोळे दाबून बसवलेले! विचारले तर उत्तर आले, "ते मजबुतीसाठी, सर." मी म्हटले, "काढून दाखवा." रबर निघाले आणि गाडीची मागची बाजू आमच्या डोळ्यांदेखत खाली बसली.

इथे थोडे पदार्थविज्ञान सांगायला हवे. शिक्षकबंधूंना हा भाग वर्गातही वापरता येईल. स्प्रिंगेला वजन लावले की ती दबते, आणि दुप्पट वजन लावले की दुप्पट दबते. हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. शाळेतला ताणकाटा याच नियमावर चालतो. समजा, मोटारीची एक स्प्रिंग शंभर किलो वजनाला पाच सेंटिमीटर दबते. तर दोनशे किलोला दहा सेंटिमीटर दबेल. वजन काढले की ती पुन्हा पहिल्या उंचीवर येते. येत राहते, असे मात्र नाही. ताणकाट्याला झेपण्यापलीकडे वजन टांगून पाहा. वजन काढल्यावरही काटा शून्यावर परत येत नाही. स्प्रिंगेचा तेवढा धीर कायमचा गेलेला असतो.

मोटारीच्या स्प्रिंगेचे असेच होते, पण एका दिवसात नव्हे. दर खड्ड्याला, दर गतिरोधकाला आणि रात्रंदिवस उभ्या गाडीच्या भारालाही पोलाद केसाएवढे नमते आणि तेवढेच नमलेले राहते. दहा-बारा वर्षांत ते साठत जाते. आता यात एक गंमत आहे, ती नीट ध्यानात घ्या. लोक म्हणतात, "स्प्रिंग ढिली झाली, तिच्यात दम राहिला नाही." हे अर्धेच खरे. बसलेली स्प्रिंगसुद्धा शंभर किलोला पाचच सेंटिमीटर दबते. तिचा कडकपणा गेलेला नसतो, तिची उंची गेलेली असते. पण उंची जाणे ही किरकोळ बाब नव्हे. चाक वर-खाली व्हायला जी मोकळी जागा असते, तीच त्यामुळे आटते. मग मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असले की खड्ड्यात चाक थेट आतल्या रबरी अडणीवर आपटते आणि तो दणका बसणाऱ्याच्या पाठीत जातो. नुकताच डायलिसिस होऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला असा दणका म्हणजे काय, ते मी वेगळे सांगत नाही.

रबराच्या गोळ्यांनी उंची परत येते, मग त्यात वाईट काय? तर रबर ज्या वेढ्यांत बसते, ते वेढे जवळजवळ जखडले जातात. सगळे काम उरलेल्या वेढ्यांवर येते. गाडी दगडासारखी कडक होते आणि उरलेले वेढे लौकर तुटतात. लंगड्या बैलाच्या खुराला चिंधी बांधून तो बाजारात उभा करावा, त्यातलाच हा प्रकार.

स्प्रिंगेचा दुसरा शत्रू गंज. मुंबईची हवा खारी, पावसाळा चार महिन्यांचा. स्प्रिंगेवरच्या रंगाचा टवका खड्याने उडाला की तिथे ओल शिरते. सर्वांत खालचा वेढा ज्या वाटीत बसतो, तिथे माती आणि पाणी साचून राहते, म्हणून स्प्रिंग बहुधा तिथेच तुटते. तुटलेले टोक कधीकधी टायरलाही चिरते. शिक्षकांनी मुलांना एक हिशेब घालावा. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बारा मिलिमीटरची तार गंजून सबंध अकराची झाली, तर कडकपणा किती उरेल? अकरा भागिले बारा, त्याचा चौथा घात. म्हणजे सुमारे सत्तर टक्के. तार एका मिलिमीटरने झिजली आणि कडकपणा तीस टक्क्यांनी गेला! अशी स्प्रिंग मात्र खरोखरच दम गेलेली.

गंजावरून आणखी एक सावधगिरी सांगतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरातल्या असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. तेवढा नसला तरी थोडाबहुत पूर इथे दर पावसाळ्यात असतो. बुडालेली गाडी पुसून-पासून बाजारात येते. म्हणून सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, ते पाहावे. पायाखालचे कापड उचलावे, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज पाहावा. कुबट वास आला, तर नमस्कार करून घरी यावे.

शॉकअप आणि स्प्रिंग यांची गल्लतही फार होते. विक्रेता सांगतो, "शॉकअप बदला, गाडी उचलेल." तसे होत नाही. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचे काम स्प्रिंगेचे झुलणे थांबवण्याचे. त्याची परीक्षा वेगळी. गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडून द्यावा. तो वर येऊन लगेच स्थिर झाला, तर ठीक. पाळण्यासारखा झुलत राहिला किंवा शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर शॉकअप संपला. पण तो नवा घातला, तरी बसलेली गाडी बसलेलीच राहणार.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. ते थंड असताना स्वतः चालू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खाते आहे. काळा धूर राहून राहून येत असेल, तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर पाणी किंवा न जळलेले डिझेल बाहेर पडते आहे. ब्रेकच्या पेडलवरचे रबर आणि स्टिअरिंगवरचे कातडे किती झिजले आहे, ते मीटरच्या आकड्याशी ताडून पाहावे. मीटर मागे फिरवता येते. पेडल झिजवून परत भरता येत नाही.

कागदपत्रांत हयगय नको. आर.सी. बुक विक्रेत्याच्याच नावावर आहे का, त्यावर बँकेचा बोजा आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे आधी पाहावे. बोजा असेल, तर पस्तीस नंबरच्या फॉर्मवर बँकेची सही हवी. नाव बदलण्यासाठी एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म असतात. अंधेरीची गाडी एमएच ०२, बोरिवलीची एमएच ४७, घाटकोपर-मुलुंडची एमएच ०३. ती दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची, तर अठ्ठावीस नंबरच्या फॉर्मवर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला मागून घ्यावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. आणि खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, हेही विसरू नये. २०१४ च्या गाडीला २०२९ साली पुन्हा तपासणी आणि पर्यावरण कर यांना तोंड द्यावे लागणार, हे किंमत ठरवतानाच धरावे.

आमच्या त्या गाडीचे इंजिन चांगले निघाले आणि कागद चोख निघाले. पेडलचे रबर मात्र बासष्ट हजारांवर विश्वास ठेवू देईना. मी मेहुण्याला बाजूला घेतले आणि म्हटले, "गाडी घे, पण बासष्ट हजारांची म्हणून नव्हे. चार स्प्रिंगा आणि मजुरी किमतीतून वजा कर." कागदावरचे चार आकडे पुढे ठेवल्यावर विक्रेत्याने फार वाद घातला नाही. मापाचे हेच एक बरे असते. आवाज न चढवता बोलता येते.

गाडी घरी नेण्याआधी आम्ही ती घाटकोपरला असल्फ्याच्या बाजूच्या एका गॅरेजात नेली. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुने सुटे भाग स्वस्त मिळतात, म्हणून मेहुण्याला तिकडे जावेसे वाटत होते. मेस्त्री म्हणाले, "सर, दरवाजा जुना घ्या, आरसा जुना घ्या. स्प्रिंग जुनी घेऊ नका. दुसऱ्याचा थकवा पैसे देऊन कशाला घ्यायचा?" दुसरीही एक गोष्ट त्यांनी बजावली. त्याच मोटारीच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, कारण डिझेलचे इंजिन जड. दिसायला दोन्ही सारख्याच. म्हणून भागाचा नंबर आणि स्प्रिंगेवरचे रंगाचे ठिपके जुळवूनच ती घ्यावी. आणि घ्यावी ती जोडीने. डावी बदलली की उजवीही बदलायची. एक नवी आणि एक थकलेली, अशा जोडीने गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते. एका जुवाखाली खोंड आणि म्हातारा बैल कोणी जुंपत नाही, तसेच हे.

पुढची स्प्रिंग काढणे हे घरी करण्याचे काम नव्हे, हे मी हात जोडून सांगतो. ती शॉकअपवर दाबून बसवलेली असते. वरचा नट सोडण्याआधी तिला पकडीच्या यंत्राने आणखी दाबून धरावे लागते. अशी स्प्रिंग वीस सेंटिमीटर दाबली, तर तिच्यात जवळजवळ चारशे ज्यूल ऊर्जा साठते. म्हणजे चाळीस किलोचे पोते एक मीटर उंचीवरून पडावे, तेवढी. पकड निसटली तर ती सगळी एका क्षणात सुटते. म्हणून गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता लोखंडी घोड्यांवर टेकवावी, पकडी समोरासमोर लावाव्यात आणि स्प्रिंगेच्या तोंडापुढे कोणी उभे राहू नये. आमच्या मेस्त्रींनी मेहुण्याला दोनदा मागे सारले, ते उगीच नव्हे.

जुन्या स्प्रिंगा निघाल्या. मेस्त्रींनी त्या नव्यांच्या शेजारी फरशीवर उभ्या केल्या. पुढची उजवी नवीपेक्षा सव्वीस मिलिमीटर ठेंगणी होती. मागच्या डावीचे खालचे टोक तर तुटून वाटीतच अडकले होते. ते चाक त्या स्थितीत किती दिवस फिरले, कोण जाणे!

स्प्रिंगांबरोबर रबरी अडण्या आणि पुढच्या शॉकअपवरचे माउंटिंगही बदलले. उघडलेच आहे, तर मजुरी पुन्हा पडत नाही. एक बारकावा मेस्त्रींनी दाखवला, तो तुम्हीही आपल्या मेस्त्रीला सांगा. खालच्या बुशांचे बोल्ट गाडी अधांतरी असताना पक्के आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आले, म्हणजे मग आवळावेत. नाहीतर बुशाचे रबर कायम पिळलेले राहते आणि लौकर फाटते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले आणि दिव्यांचा झोतही तपासला. मागून बसलेल्या गाडीचा झोत वर चढतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. गावाकडच्या अंधाऱ्या अरुंद रस्त्यावर ही गोष्ट जिवावर बेतू शकते. स्प्रिंगा बदलल्यावर तो झोत पुन्हा बसवलाच पाहिजे.

मग मी पुन्हा टेप काढला. चारही आकडे जुळले.

मेहुणा दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी घेऊन गेला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. गाडीबद्दल मी विचारले तेव्हा म्हणाला, "दाजी, काल येताना आबा झोपले. साताऱ्यापासून घरापर्यंत झोपले." एवढेच सांगून त्याने फोन आबांकडे दिला.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी उद्या शहरात जुनी मोटार घ्यायला निघालात, तर पिशवीत शिंप्याचा टेप आणि एक विजेरी जरूर टाका. रंग शेवटी पाहा. आधी चाकांपाशी वाका.